पोकळीतल्या गिरक्या

ग्वाल्हेरात राहणाऱ्या माणसाला लढाऊ विमान कसं वळतं हे शिकवावं लागत नाही. १९८५ पासून महाराजपूरच्या तळावर मिराज विमानं आहेत. गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाईलाही ठाऊक असतं, की आवाज जिकडून येतो तिकडे विमान शोधण्यात अर्थ नाही, ते केव्हाच पुढे निघून गेलेलं असतं. मग ते एका अंगावर कलतं, पंखाची पाठ उन्हात एकदा चमकते आणि किल्ल्याच्या पलीकडे मोठा बाक घेऊन ते दिसेनासं होतं. ते कलणं शोभेचं नसतं. विमान कललं की पंखांवरचा हवेचा रेटा नुसता वर न राहता बाजूलाही लागतो, आणि त्या रेट्यानेच विमानाची वाट वळते. वळवते ती हवा. तिच्यापुढे पंख कसा धरायचा एवढंच वैमानिक ठरवतो.

आता त्याच घरात रात्री टीव्हीवर अवकाशयुद्धाची एखादी मालिका लावा. यान तस्संच एका अंगावर कलतं, तसाच बाक घेतं, शत्रूच्या पाठीला लागतं. शत्रू गिरकी मारून उलट याच्या पाठीला लागतो. इंजिनाची घरघर, जवळून गेल्यावर सूंऽऽ करत उतरत जाणारा आवाज, सगळं मिराजसारखं. नसते ती फक्त हवा, जिच्या जिवावर हे सगळं चालतं. ही चूक वाटते तितकी निरुपद्रवी राहिलेली नाही, असं माझं म्हणणं आहे. अवकाशावर आता आपल्या कराचा पैसाही लागतो आहे आणि लष्कराची नजरही आहे. अशा वेळी तिच्याकडे ‘चालायचंच’ म्हणून बघता येणार नाही.

थोडे आकडे घेऊन बसू. ताशी ९०० किलोमीटर वेगातल्या लढाऊ विमानाने ९ जी ताण सोसत वळण घेतलं, तर त्या वळणाची त्रिज्या साधारण ७०० मीटर येते. ९ जी म्हणजे ८० किलोच्या माणसाला आपलं वजन ७२० किलो वाटणं. खास पोशाख घालून, पाय आणि पोट आवळून धरत, सरावलेला वैमानिक ते काही सेकंद झेलतो. पृथ्वीभोवती खालच्या कक्षेत फिरणाऱ्या यानाचा वेग सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर असतो. त्या वेगातलं यान तेवढाच ताण घेत वळवायचं ठरवलं आणि पृथ्वीची ओढ हिशेबातून तात्पुरती वगळली, तर त्रिज्या ६९० किलोमीटरच्या घरात जाते. ग्वाल्हेर आणि बडोदा यांच्यात सरळ रेषेत साधारण तेवढंच अंतर आहे. नुसतं उलट तोंडाला लागायला साडेचार मिनिटं, आणि साडेचार मिनिटं ९ जी खाली कोणी शुद्धीवर राहत नाही.

इंधनाचा हिशेब तर याहून वाईट. हवा नाही म्हटल्यावर बाजूला ढकलण्याचं कामही इंजिनानेच करायचं. हायड्रोजन-ऑक्सिजनच्या चांगल्या इंजिनातून वायू सेकंदाला सुमारे ४.४ किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. १९०३ साली त्सिओल्कोव्स्की नावाच्या रशियन शाळामास्तराने छापलेलं सूत्र इथे लावून बघा. १ टनाच्या यानाला तोंड उलटं करून, वेग मारून, आहे त्याच वेगाने परत फिरायला ३४ टनांच्या आसपास इंधन लागतं, तेही टाक्यांचं वजन न धरता. आणि थांबणं-बिंबणं नको, पडद्यावरची ती डौलदार गोल गिरकीच हवी, असा हट्ट धरला तर सुमारे २६० टन. म्हणजे हवेत जो मार्ग सर्वांत सोयीचा, तोच पोकळीत सर्वांत उधळा. मालिकेतला नायक एका भागात अशा वीस गिरक्या मारतो आणि पंपावर गाडी लावायचं नाव काढत नाही.

गंमत अशी, की पोकळी एक गोष्ट जवळजवळ फुकटात देते आणि ती हे लोक घेत नाहीत. यान जात असतं एका दिशेला. त्याचं तोंड मात्र कुठेही असू शकतं. छोट्या थ्रस्टरचा, म्हणजे तोंड वळवायच्या चिमुकल्या इंजिनाचा, एक फुसकारा पुरतो. मागे तोंड करून पुढे जाता येतं, आडवं पडून जाता येतं, स्वतःभोवती फिरत फिरत जाता येतं. वाट तसूभरही बदलत नाही. विमानाला हे जन्मात जमणार नाही. पडद्यावर हे किती विलक्षण दिसेल! पाठमोरं जाणारं यान पाठलाग करणाऱ्याकडे रोखून बघत चाललं आहे, वेग तोच, वाट तीच, आणि दोघांनाही ती बदलणं परवडत नाही. पण आपल्याला दिसतं ते तेच जुनं, एकामागे एक शेपटाला लागणं.

हे आलं कुठून, हे गुपित नाही. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’साठी जॉर्ज लुकस यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या हवाई लढायांची जुनी दृश्यं जोडून एक नमुना-पट्टी तयार केली होती आणि यानांच्या लढाईची दृश्यं त्या पट्टीवर बेतली गेली. म्हणजे ती लढाई मुळात विमानांचीच. पडदे रंगवणाऱ्याने तिच्यामागचं आकाश काळं केलं इतकंच. चित्रपट म्हणून ते झकास साधलं, याबद्दल वाद नाही. त्याच पट्टीवरून पुढच्यांनी जी बरहुकूम नक्कल उतरवली, तिचा मला वैताग आहे. जी यानं लहान ती विमानासारखी. मोठी असतील तर जहाजासारखी. दोन्ही आरमारं समोरासमोर उभी, सगळ्यांचं डेक एकाच दिशेला वर, अंतर इतकं कमी की शत्रूच्या खिडक्या मोजाव्यात. आंग्र्यांच्या गुराबा अशा लढल्या तर शोभतं, त्यांना पाणी खाली आणि आभाळ वर होतं. अवकाशात ‘वर’ कोणतं, हे सगळ्यांनी आदल्या रात्री बैठक घेऊन ठरवलं होतं की काय, कोण जाणे.

आवाजाचं मी मनावर घेत नाही. निर्वातात आवाज नसतो हे आठवीतल्या पोरालाही माहीत असतं, आणि नेमकं म्हणूनच तो आवाज माफ. पार्श्वसंगीतासारखंच ते.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. या विषयावर बोललं की हमखास उत्तर येतं, ‘अहो, करमणूक आहे ती, भौतिकशास्त्राचा तास नाही.’ हे उत्तर मी उडवून लावत नाही. संकेत मानण्यात आपण मराठी माणसं कुणाला हार जाणार नाही. संगीत नाटकातला मरणोन्मुख नायक ऑर्गनचा सूर मिळेपर्यंत जीव धरून ठेवतो, मग सावकाश पद आळवतो, आणि आपण वन्समोअर देऊन त्याला पुन्हा मरायला लावतो. कुणी उठून म्हणत नाही, की फुप्फुसात रक्त असताना तान कशी निघेल. कारण शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पक्कं ठाऊक असतं, की मरताना कोणी गात नाही. त्याने घरातलं एखादं मरण जवळून पाहिलेलं असतं. खरं काय आणि रंगमंचावरचं काय, यातलं अंतर त्याचं त्यालाच मोजता येतं, म्हणून तो संकेत बिनधोक. अवकाशाबाबत हे अंतर मोजायला प्रेक्षकाकडे काहीच नाही. तिथे जाऊन आलेली माणसं अजून काही शेकड्यांतच आहेत. उरलेल्या सगळ्या जगाने अवकाशातली हालचाल पाहिली ती पडद्यावर. पडदा हाच अनुभव झाला की त्यावरचा संकेत हा संकेत राहत नाही, तेच सामान्यज्ञान होऊन बसतं.

कसं, ते सांगतो. भाच्याबरोबर अशीच एक मालिका बघत होतो. पुढे पळणाऱ्या यानाला गाठायला मागच्याने इंजिन सोडलं, ज्वाळा लांबल्या, अंतर कमी झालं. मी म्हटलं, “पृथ्वीभोवती असं केलं तर हा आणखी मागे पडेल. पुढच्याला गाठायचं तर आधी ब्रेक मारायला हवा.”

“मामा, कुछ भी! ब्रेक मारला तर मागे नाही का राहणार?”

“राहणार. पण थोडाच वेळ.”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की याचा चहा आज जरा जास्तच झालेला दिसतो. मग मी कागद घेऊन एकात एक दोन वर्तुळं काढली. पृथ्वीच्या जवळच्या कक्षेत वेग जास्त आणि वाटही आखूड. दूरच्या कक्षेत वेग कमी आणि वाट लांब. पुढे जोर लावला की यान उंच चढतं, लांबच्या संथ वाटेला लागतं आणि मागे पडतं. उलट जोर लावून वेग थोडा मारला की ते खाली उतरतं, आतल्या आखूड वाटेवर भराभर पळतं आणि पुढच्याच्या खालून त्याला गाठतं. मग योग्य जागी पुन्हा जोर लावून वर यायचं. पोराने कागद उलटासुलटा करून पाहिला. त्याला ते पटलं, पण आवडलं नाही. “मग फाइट कशी दाखवणार?” हा त्याचा प्रश्न खरा नेमका होता, त्याकडे शेवटी येतो.

भाच्याची चूक त्याची एकट्याची नव्हे. ३ जून १९६५ रोजी अमेरिकेच्या जेमिनी-४ या यानातले जेम्स मॅकडिव्हिट, कसलेले वैमानिक, आपल्याच रॉकेटच्या सुट्या झालेल्या टप्प्याजवळ जायला निघाले. टप्पा समोर दिसत होता. विमानात करतात तसं त्यांनी तोंड त्याच्याकडे केलं आणि जोर लावला. तो दूर जायला लागला. आणखी जोर लावला, तो आणखी लांब. इंधन भराभर उतरू लागलं तेव्हा तो नाद सोडून द्यावा लागला. त्याच्या थोडं आधी बझ ऑल्ड्रिन हा दुसरा वैमानिक, ज्याने कोरियाच्या युद्धात दोन मिग पाडली होती, एमआयटी या अमेरिकी विद्यापीठात बसून दोन यानांनी कक्षेत एकमेकांना कसं गाठावं यावर डॉक्टरेट करत होता, १९६३ साली ती पूर्ण झाली. आकाशात शत्रूला खरोखर गाठून पाडलेल्या माणसाला पाठलागाची बाराखडी पुन्हा गिरवावी लागली. पडद्यावरच्या अवकाशवीरांना मात्र ती उपजतच येते. १९६५ च्याच १५ डिसेंबरला जेमिनी-६ हे जेमिनी-७ पासून फूटभराच्या अंतरावर जाऊन थांबलं, ते आधी कक्षेच्या आकारांचा हिशेब करून.

आपल्याकडचं ताजं उदाहरण स्पेडेक्सचं. ३० डिसेंबर २०२४ ला इस्रोने प्रत्येकी सुमारे २२० किलोचे दोन उपग्रह सोडले, एकमेकांना जोडून बघायला. ७ जानेवारीचा बेत ९ वर गेला, मग दोघांमधलं सरकणं अपेक्षेपेक्षा जास्त भरलं म्हणून ९ चाही बारगळला. १२ ला ते ३ मीटरपर्यंत येऊन परत मागे घेतले गेले. १६ जानेवारी २०२५ ला ते जुळले. दोघंही पृथ्वीभोवती बंदुकीच्या गोळीच्या कितीतरी पट वेगाने धावत होते आणि एकमेकांच्या दिशेने सरकत होते सेकंदाला १ सेंटिमीटर या हिशेबाने. मुंगीची चाल म्हणा. त्या दिवसांत चहाच्या टपरीवर ऐकलेलं वाक्य असं होतं, “इतना सा काम, तीन बार पोस्टपोन!” बोलणाऱ्याचा दोष नाही. त्याने पडद्यावर हजारदा पाहिलं आहे, की यान येतं, दार उघडतं, खट् करून आत बसतं.

हीच गोष्ट चांद्रयान-३ च्या वेळी. ते १४ जुलै २०२३ ला उडालं. रशियाचं लूना-२५ जवळजवळ महिन्याने, ११ ऑगस्टला, आणि तरी ते आपल्या आधी उतरणार होतं. ग्वाल्हेरच्या बाड्यावर, लष्कर भागातल्या घराघरांत हीच टीका, आपलं यान रेंगाळतंय. खरं तर ते रेंगाळणं हीच त्यातली हुशारी होती. रॉकेट लहान, म्हणून यान पृथ्वीभोवती लांबट कक्षेत फिरवत ठेवायचं, आणि दर खेपेला पृथ्वीच्या अगदी जवळून, सर्वाधिक वेगात जाताना, थोडं इंजिन चालवायचं. तिथे जाळलेल्या इंधनाचं मोल सर्वांत जास्त मिळतं. असं करत करत १ ऑगस्टला ते चंद्राच्या वाटेला लागलं. तिकडे लूना-२५ चं इंजिन ८४ सेकंद चालवायचं होतं, ते १२७ सेकंद चाललं, आणि १९ ऑगस्टला यान चंद्रावर आपटलं. फरक ४३ सेकंदांचा. २३ ऑगस्टला आपलं उतरलं तेव्हा बाड्यावर पेढे वाटले गेले, पण ‘एवढे दिवस का लागले’ हे अनेकांच्या लेखी गूढच राहिलं. मतदार म्हणून आपण ज्या कामाला पैसा देतो त्यातलं कौतुकास्पद नेमकं काय हेच कळत नसेल, तर कौतुकही आंधळं आणि टीकाही आंधळी.

इथवर निदान नुकसान समजुतीचं होतं. हत्यारांची गोष्ट जास्त गंभीर आहे.

पडद्यावर यान फुटतं, नारिंगी आगीचा लोळ होतो, एक गोल लाट पसरते आणि पुढच्या क्षणी जागा स्वच्छ. विमान पाडलं की ते खाली कोसळतं, त्यामुळे आकाश मोकळं होतं, हे इथेही गृहीत धरलेलं. कक्षेत ‘खाली’ कोसळायला कारण नसतं. फुटलेल्याचा प्रत्येक तुकडा साधारण त्याच वेगाने, आपापल्या किंचित वेगळ्या कक्षेत फिरत राहतो. सेकंदाला १० किलोमीटर वेगाने आदळणाऱ्या १ किलोच्या तुकड्यात जवळपास १२ किलो टीएनटीइतकी ऊर्जा असते. दारूगोळ्याची गरजच नाही. ११ जानेवारी २००७ ला चीनने आपलाच जुना हवामान-उपग्रह ८५० किलोमीटरहून अधिक उंचीवर फोडला. माग काढता येईल एवढे तुकडे ३,००० च्या वर निघाले आणि त्यातले पुष्कळ आजही फिरत आहेत. १० फेब्रुवारी २००९ ला तर कुणी कुणाला मारलंही नव्हतं. एक चालू अमेरिकी उपग्रह आणि एक निकामी रशियन उपग्रह सैबेरियाच्या वर एकमेकांवर आदळले. नोव्हेंबर २०२१ मध्ये रशियाने आपला उपग्रह फोडला, तेव्हा अवकाशस्थानकातल्या मंडळींना परतीच्या यानांत जाऊन बसावं लागलं. त्यांत रशियाची स्वतःची माणसंही होती.

२७ मार्च २०१९ ला आपण मिशन शक्ती केलं. जमिनीवरून सोडलेल्या क्षेपणास्त्राने साधारण ३०० किलोमीटर उंचीवरचा आपलाच उपग्रह तीन मिनिटांत टिपला. तंत्र म्हणून ते अव्वल होतं आणि मला त्याचा अभिमानही वाटला. उंची मुद्दाम कमी ठेवली होती, की तुकडे वातावरणात लवकर जळून जावेत. बहुतेक गेले, काही मात्र उंच उडाले आणि जास्त काळ फिरत राहिले. पण त्या आठवड्यातल्या गप्पांत तुकड्यांबद्दल विचारणारा माणूस मला भेटला नाही. जो तो विचारत होता, ‘आता आपण त्यांचं काहीही पाडू शकतो ना?’ खालच्या कक्षेतलं पाडू शकतो. मग ज्या खालच्या कक्षांतून आपलेही जमिनीवर आणि समुद्रावर नजर ठेवणारे उपग्रह फिरतात, त्याच कक्षा छर्ऱ्यांनी भरून जातात. हा प्रश्न चौकाचौकात विचारला जायला हवा होता. १९६७ चा बाह्य अवकाश करार अण्वस्त्रं कक्षेत ठेवायला मना करतो, साध्या हत्यारांबद्दल तो गप्प आहे. त्या मोकळ्या जागेत काय बसवायचं हे पुढच्या वीस-तीस वर्षांत ठरणार, आणि ठरवणाऱ्यांना निवडून देणारे आपण. आपल्या डोळ्यांपुढे मात्र नारिंगी लोळ आणि नंतरची स्वच्छ जागा.

सिनेमाची प्रतिमा धोरणात घुसते, ही काही माझी कल्पना नाही. २३ मार्च १९८३ ला अध्यक्ष रेगन यांनी शत्रूची क्षेपणास्त्रं वाटेतच निकामी करणारी ढाल उभारायची घोषणा केली. अवकाशातली लेझर-अस्त्रंही पुढे त्या योजनेत आली. टीकाकारांनी तिला त्या १९७७ च्या चित्रपटाचंच नाव दिलं आणि ते कायमचं चिकटलं. लोकांच्या डोळ्यांपुढे त्या पडद्यावरच्या रंगीत रेघाच आल्या असणार. खरी लेझर पोकळीत बाजूने दिसतच नाही, प्रकाश डोळ्यांकडे वळवायला तिथे धूळ ना धूर.

आणि अवकाशात खरोखर तोफ डागली गेली होती, हे किती जणांना माहीत आहे? १९७४ साली सोव्हिएत संघाने सोडलेल्या साल्युत-३ या स्थानकावर २३ मिलिमीटरची तोफ होती. तिला स्वतःला वळता येत नव्हतं, म्हणून नेम धरायचा तर अख्खं स्थानक फिरवायचं. आतली माणसं परत गेल्यावर, जानेवारी १९७५ मध्ये, जमिनीवरून हुकूम देऊन ती चालवली गेली. धक्क्याने स्थानकच मागे जाऊ नये म्हणून त्याच वेळी इंजिनंही चालवावी लागली. या एवढ्याशा हकिगतीत मला वीस भागांच्या मालिकेपेक्षा जास्त नाट्य दिसतं. आत माणसं असताना ती चालवायची नाही, असं कुणाला तरी वाटलं असणार. तो कागद कुणी लिहिला असेल, कुणी सही केली असेल?

तर भाच्याचा प्रश्न, फाइट कशी दाखवणार. ‘द एक्सपान्स’ ही मालिका २०१५ ते २०२२ अशी सहा पर्वं चालली. तिच्यातली यानं निम्मी वाट झाल्यावर उलटी फिरतात आणि उरलेली वाट वेग मारत जातात. जोर लावला की आतल्या माणसांच्या अंगावर मणामणाचं ओझं येतं, शिरेत औषध टोचून घेऊन ती ते सोसतात. तिथेही सवलती घेतल्या आहेत, इंजिनांना इंधन जवळजवळ लागतच नाही. पण प्रेक्षक पळून गेला नाही. उलट वेग ही मोजूनमापून खर्चायची गोष्ट आहे, हे कळल्यावर तो जास्त सरसावून बसला.

आपल्याकडच्या लेखकांनी त्याहून कडक नियम घ्यावेत, असं मला वाटतं. दोन यानं, दोन कक्षा. हल्ला करायचा तर निर्णय आज घ्यावा लागतो. अस्त्र पोचणार अमुक दिवसांनी, अमुक वाजता. समोरच्याला तुमचं इंजिन पेटलेलं दिसतंच, कारण त्या थंड काळोखात ऊब लपवता येत नाही. म्हणजे त्यालाही आजच कळलं. आता त्याने वाट बदलायची का? बदलली तर परतीचं इंधन संपतं. न बदलावी तर तुम्ही थाप मारत नव्हता ना, याचा अंदाज बांधत दिवस काढायचे. तुम्ही जिंकलात तरी त्याचे तुकडे तुमच्याच वाटेला आडवे येणार. आणि या सगळ्या दिवसांत रेडिओ चालू आहे. दोघं एकमेकांशी बोलू शकतात.

याला कोट्यवधींचे स्पेशल इफेक्ट लागत नाहीत. दोन खुर्च्या, एक घड्याळ, एक इंधनाचा काटा आणि बोलणारी दोन माणसं. ही तर सरळसरळ एकांकिका झाली. आमच्या ग्वाल्हेरात गणपतीत हौशी मंडळींची नाटकं होतात आणि दर वर्षी संहितेसाठी पुण्या-मुंबईकडे तोंड करून बसावं लागतं. यंदा कुणीतरी ही लिहून बघा. नेपथ्याचा खर्च वाचेल, कलाकार दोनच लागतील, आणि ऑर्गनवाल्याला पहिल्यांदाच कारणासकट घरी बसवता येईल.